शेजारच्या दोन साइट उलट दिशांना फिरलेल्या दिसतात? फॉल्ट काढण्याआधी हे तपासा

फील्डवर्कचा हंगाम सरला आणि खडकांनी जपलेल्या जुन्या चुंबकीय दिशांचे, म्हणजे पुराचुंबकत्वाचे, आकडे प्रयोगशाळेतून हाती आले, की इंदूरमधली आमची मराठी पोरं मला जवळपास एकच प्रश्न विचारतात. "मॅडम, नाल्याच्या अलीकडची साइट घड्याळाच्या दिशेनं फिरलीये आणि पलीकडची उलट. मधून मोठा फॉल्ट गेला असेल का?" कोणी सिमरोलच्या घाटातले नमुने घेऊन येतं, कोणी स्पितीहून आणलेले. खडक वेगळे, वयं वेगळी, तक्रार मात्र तीच. म्हणून उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवते.

फॉल्टचा, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या भेगेचा, विचार सगळ्यात शेवटी करा. डोंगर फिरतात, यात शंका नाही. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न ट्रान्सव्हर्स रेंजेस मायोसीनपासून आजवर ९० अंशांच्या आसपास घड्याळाच्या दिशेनं फिरल्या आहेत. बिस्केचा उपसागर उघडला तेव्हा क्रेटेशस काळात आख्खा आयबेरिया सुमारे ३५ अंश उलट दिशेनं वळला. अँडीज पर्वत आरिकाजवळ कोपरासारखा वाकतो, तिथे पेरूच्या बाजूचे खडक घड्याळाच्या उलट आणि उत्तर चिलीच्या बाजूचे घड्याळाच्या दिशेनं फिरलेले सापडतात. हे सगळं खडकात ड्रिल करून काढलेल्या अडीच सेंटिमीटर जाडीच्या दंडगोलांतून, म्हणजे कोअरमधूनच कळलं, तुम्ही काढता तसल्याच. पण फिरण्याचा आकडा थेट मोजता येत नाही, तो वजाबाकीतून येतो: खडकात सापडलेलं डिक्लिनेशन (चुंबकनाच्या दिशेचा खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलेला कोन) वजा त्या वयाला, त्या जागी अपेक्षित असलेलं डिक्लिनेशन. दोन्ही बाजूंना जे जे चुकलं असेल ते सगळं या वजाबाकीत उतरतं आणि बाहेर पडताना 'डोंगराचं फिरणं' असं नाव घेऊन येतं.

आधी अपेक्षित दिशा कागदावर लिहा

आम्हा इंदूरकरांना एक मोठी सोय आहे आणि तिचा पुरेसा वापर होत नाही, असं मला मनापासून वाटतं. माळव्याच्या पठारावर दख्खनच्या लाव्ह्याचे थर बहुतेक भागात जवळजवळ आडवे पडून आहेत. इथे वलीपर्वत नाही. म्हणजे इथल्या बेसॉल्टचं उत्तर आधीच ठाऊक आहे: स्थानिक फिरणं शून्याच्या आसपास निघालं पाहिजे. हिमालयात जाण्याआधी ज्यानं आपली सगळी पद्धत माळव्याच्या बेसॉल्टवर चालवून पाहिली नाही, त्याच्या हिमालयातल्या आकड्यांवर मी पटकन विश्वास ठेवत नाही.

आता आकडे. दख्खनचा सरासरी पुराचुंबकीय ध्रुव (खडकांतल्या दिशांवरून काढलेली ध्रुवाची जागा) ३७ अंश उत्तर, २८१ अंश पूर्व असा धरतात. इंदूर २२.७ उत्तर, ७५.९ पूर्व. गणित केलं की इंदूरसाठी नॉर्मल ध्रुवतेची (क्षेत्र आजच्यासारखं असतानाची) अपेक्षित दिशा येते डिक्लिनेशन ३३८, इन्क्लिनेशन (आडव्यापासूनचा कल, खाली तर अधिक, वर तर उणे) उणे ४४. रिव्हर्स ध्रुवतेची (क्षेत्र उलटलेलं असतानाची) बरोब्बर उलटी: डिक्लिनेशन १५८, इन्क्लिनेशन अधिक ४४. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर हवेत.

इथेच पहिली गफलत होते. ३३८ म्हणजे उत्तरेपासून २२ अंश पश्चिमेला. ते पाहून कोणी लिहितं, 'माळवा २२ अंश घड्याळाच्या उलट फिरला'. माळवा एकटा फिरलेला नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वीपासून आख्खी भारतीय प्लेट उत्तरेकडे सरकली आणि सरकताना वळली, त्याची ही खूण आहे. उणे ४४ इन्क्लिनेशनमधून निघणारा अक्षांश सुमारे २६ दक्षिण, म्हणजे आज कर्कवृत्ताला चिकटून असलेलं इंदूर तेव्हा विषुववृत्ताच्या पलीकडे होतं. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दख्खनच्या खडकांवरचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हा भारत सरकल्याचा पुरावा याच दिशांमध्ये होता. स्थानिक फिरणं म्हणजे प्लेटचं वळण वजा केल्यावर जे उरतं ते. त्यामुळे तुलना नेहमी त्याच प्लेटच्या, त्याच वयाच्या ध्रुवाशी करायची. आजच्या उत्तरेशी केली तर हिमालयातला प्रत्येक दगड फिरलेलाच निघेल.

कोअरची दिशा: होकायंत्र आणि सूर्य

साइटमधले आठ कोअर एकमेकांशीच जुळत नसतील तर प्रयोगशाळेकडे बोट दाखवण्याआधी फील्डची वही उघडा.

बेसॉल्ट स्वतःच चुंबक आहे. त्याच्यावर टेकवलेलं होकायंत्र काही अंशांनी सहज भरकटतं, आणि जिथे वीज पडली असेल तिथे ते कितीही भरकटू शकतं. जानापावसारख्या उघड्या माथ्यांवर हा धोका जास्त. वीज खडकातून जाताना प्रचंड प्रवाह वाहतो आणि आसपासचा खडक नव्यानं, जोरदार आणि वाटेल त्या दिशेनं चुंबकित होतो. ओळखायची सोपी रीत आहे: ड्रिल लावण्याआधी होकायंत्र खडकापासून वीतभर अंतरावर धरून हळूहळू पुढे न्या. काटा दोन पावलांत डावीउजवीकडे झोकांड्या खात असेल तर ती जागा सोडा. महू ते कालाकुंड रेल्वेमार्गाच्या कटिंगमध्ये किंवा गिट्टीच्या खदानीत खोलवरचा ताजा खडक मिळतो, तो माथ्यावरच्या खडकापेक्षा केव्हाही बरा. अर्थात रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जायचं नाही.

उपाय म्हणजे प्रत्येक कोअरला दोन वाचनं: एक होकायंत्राचं, एक सन कंपासचं, म्हणजे सूर्याच्या सावलीवरून दिशा काढणाऱ्या तबकडीचं. कोअर खडकातून तोडण्याआधी ओरिएंटेशनची नळी त्याच्यावर चढवायची, फिरवून वरची खाच नीट वर आणायची, पट्टी पाण्यासारखी समतळ करायची, मग पट्टीच्या मधोमध उभ्या केलेल्या सळईची सावली तबकडीवर कुठे पडते ते वाचायचं आणि त्याच क्षणी घड्याळातली वेळ मिनिटापर्यंत लिहायची. नंतर त्या खाचेतून पितळी तार घालून कोअरवर रेघ ओढायची. तार पितळीच हवी. रेघेच्या खालच्या टोकाला बाण न काढता कोअर पिशवीत टाकला तर तो कोअर गेला असं समजा, कारण वर-खाली उलटलेला कोअर पुढे कुणालाही ओळखता येत नाही.

वहीत तिसरा रकाना ठेवा: सूर्यावरून आलेली दिशा वजा होकायंत्रावरून आलेली. इंदुरात आज चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक एका अंशाच्या आत आहे, म्हणून हा रकाना शून्याच्या जवळ राहिला पाहिजे. एकाच साइटवर तो कोअरगणिक बदलत असेल तर खडक होकायंत्राला ओढतोय. साइटभर सारखाच पण मोठा असेल तर वेळ चुकलीये.

वेळेचं थोडं विस्तारानं सांगते, कारण शेजारच्या साइट एकमेकींपासून 'फिरण्याचं' हे फार सामान्य आणि फार दुर्लक्षित कारण आहे. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. इंदूर त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंशांहून थोडं जास्त. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे इंदूरचा सूर्य घड्याळाच्या साडेसव्वीस मिनिटं मागे चालतो, आणि त्यात ऋतूनुसार बदलणारी काही मिनिटांची दुरुस्ती वेगळी. गणितात रेखांशाची ही दुरुस्ती राहून गेली किंवा रेखांश चुकून ८२.५ पडला, तर काय होतं? मार्चच्या सकाळी आठच्या सुमारास तीनएक अंशांची चूक, ती विखुरण्यात लपून जाते. त्याच दिवशी भर दुपारी सूर्याची दिशा मिनिटाला अर्ध्या अंशाहून जास्त वेगानं बदलत असते, तेव्हा तीच चूक सोळा-सतरा अंशांवर जाते. सकाळची साइट सरळ, दुपारची साइट सतरा अंश फिरलेली. मधे नाला असला की फॉल्ट तयार! साइटचं डिक्लिनेशन आणि ड्रिलिंगची वेळ यांचा आलेख काढा, संबंध दिसला की चोर सापडला.

आणि मे अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत दुपारी इथे सन कंपास वापरूच नका. सूर्य जवळपास डोक्यावर येतो, सावली सळईच्या बुडाशी गोळा होते आणि तिची दिशा मिनिटामिनिटाला पालटते. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी उन्हं उतरल्यावर वाचनं घ्या.

धुलाई अपुरी राहिली का?

माझ्या मते खोट्या फिरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि ते वहीत सापडत नाही. त्यासाठी आलेखच वाचावा लागतो.

खडकात लाव्हा थंड होताना बसलेलं मूळ चुंबकन असतं. त्यावर नंतरच्या काळात, विशेषतः गेल्या सात-आठ लाख वर्षांत, आजच्या क्षेत्राचं एक पूट चढतं. इंदूरच्या अक्षांशाला आजच्या काळाची दीर्घकालीन सरासरी दिशा धरा डिक्लिनेशन शून्य, इन्क्लिनेशन अधिक ४०. हे पूट उष्णतेनं किंवा बदलत्या क्षेत्रानं टप्प्याटप्प्यानं काढायचं, याला आपण धुलाई म्हणतो. बेसॉल्टमध्ये बरंचसं पूट २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा १०–१५ मिलिटेस्लापर्यंत निघून जातं. पण खडक कुजलेला असेल, मॅग्हेमाइट (मॅग्नेटाइट गंजून होणारं चुंबकीय खनिज) तयार झालं असेल, तर ते त्याच्या पुढेही रेंगाळतं.

समजा, मूळ चुंबकनाच्या तीन दशांश इतकं पूट धुलाईनंतरही उरलं. सदिशांची बेरीज करून पाहा. नॉर्मल साइटची दिशा ३३८, उणे ४४ ऐवजी ३४३, उणे २८ अशी येईल. म्हणजे पाच अंश घड्याळाच्या दिशेनं 'फिरली'. रिव्हर्स साइटची दिशा १५८, अधिक ४४ ऐवजी १४८, अधिक ६० येईल. म्हणजे दहा अंश घड्याळाच्या उलट 'फिरली'. एकच खडक, एकच पूट, हललं काहीच नाही, आणि दोन साइटमध्ये पंधरा अंशांचं उलटसुलट वळण दिसतंय. नाल्याच्या अलीकडचा थर नॉर्मल आणि पलीकडचा रिव्हर्स असेल, आणि दख्खनमध्ये दोन्ही ध्रुवता सापडतात, तर तुमची तक्रार जशीच्या तशी तयार होते.

यातली उपयोगाची गोष्ट अशी की इन्क्लिनेशन चुगली करतं. खरं उभ्या अक्षाभोवतीचं फिरणं इन्क्लिनेशनला हात लावत नाही. तुमच्या एका गटाचं इन्क्लिनेशन अपेक्षेपेक्षा सपाट आणि दुसऱ्याचं जास्त तीव्र असेल, तर ते फिरणं नाही, पूट आहे. वरच्या उदाहरणात नॉर्मल सरासरी आणि उलटवलेली रिव्हर्स सरासरी यांच्यात तेहतीस अंशांचं अंतर पडतं. दोन्ही गट नेमके एकमेकांच्या उलट आहेत का हे पाहणारी रिव्हर्सल टेस्ट साफ नापास होते. म्हणून ती चाचणी केल्याशिवाय दोन्ही ध्रुवता एकत्र करून सरासरी काढू नका. मजा बघा, दोन्ही गटांत साइट सारख्याच असतील तर एकत्र सरासरी पुन्हा ३३८, उणे ४४ वर येते, पूट एकमेकांना खोडून काढतं. पण तुमच्याकडे एकाच ध्रुवतेच्या साइट असतील, तर ही कृपा होत नाही.

झायडरवेल्ड आलेख (धुलाईच्या प्रत्येक टप्प्यानंतर उरलेल्या चुंबकनाचा आलेख) वाचताना तीन गोष्टी पाहा. शेवटचे टप्पे सरळ रेषेत मूळबिंदूकडे जातायत का? रेष मूळबिंदूच्या बाजूनं निघून जात असेल तर अजून एक घटक शिल्लक आहे. दोन सरळ भागांमधला कोपरा धारदार आहे की गोलाकार? गोलाकार म्हणजे दोन घटक एकाच तापमानाला निघतायत, त्या वळणावरच्या टप्प्यांतून रेष बसवली की निघणारी दिशा दोघांपैकी कुणाचीच नसते. आणि रेष किती टप्प्यांवर बसवलीये? रेष बसवायची कर्शविंक यांची १९८० ची पद्धत आता प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे, बटण दाबलं की रेष मिळते, कोन-त्रुटीही सुंदर दिसते. तीन टप्प्यांवर बसवलेली रेष मी स्वीकारत नाही. उष्णतेची धुलाई ४०० अंशांपर्यंत मोठ्या पायऱ्यांनी चालेल, त्यापुढे मॅग्नेटाइटच्या ५८० अंशांपर्यंत पायऱ्या लहान करा. दोन प्रवाहांमधल्या लाल मातीच्या, म्हणजे बोलच्या, थरांत हेमाटाइट असतं, तिथे ६८० पर्यंत जावं लागतं.

घटक वेगळे होतच नसतील तर रेषेचा हट्ट सोडून महावृत्त (गोलाला निम्मं कापणारं वर्तुळ) बसवा. एका साइटचे नमुने पुटापासून मूळ दिशेकडे ज्या वाटांनी सरकतात, त्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे मूळ दिशा मिळते.

थरांचा उतार काढताना

माळव्यात हा प्रश्न फारसा नाही. हिमालयात मात्र सगळ्या गोष्टी उतारावरच्या, आणि इथे तर चूक नोंदीतच घुसते. एकानं स्ट्राइक (कललेल्या थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) लिहिलेला असतो, दुसऱ्यानं उताराची दिशा, आणि फाइलमध्ये रकाना एकच. दोघांमध्ये ९० अंशांचा फरक. वहीच्या प्रत्येक पानावर वर लिहून ठेवा, कोणती पद्धत आहे ते. कोअरच्या कलाचंही तसंच: कोणी आडव्यापासून मोजतं, कोणी उभ्यापासून. पीमॅगपाय या सॉफ्टवेअरला एक हवं असतं, जुन्या प्रोग्रॅमला दुसरं.

नोंदी बरोबर असूनही शेजारच्या साइट उलट दिशांना फिरलेल्या दिसण्याचं खरं कारण म्हणजे कललेल्या अक्षाच्या वली, म्हणजे थरांच्या घड्या. वलीचा अक्ष आडवा असेल तर थर त्याच्या स्ट्राइकभोवती आडवा केला की दिशा मूळ जागी येते. पण अक्षच एका बाजूला पंधरा-वीस अंश झुकलेला असेल, तर नेहमीची उतार-दुरुस्ती चुकीच्या अक्षाभोवती फिरवते. परिणामी वलीच्या एका बाजूच्या साइट घड्याळाच्या दिशेनं आणि दुसऱ्या बाजूच्या उलट दिशेनं ढकलल्या जातात. नकाशावर पाहिलं तर नाला बहुधा वलीच्या अक्षावरूनच वाहत असतो! आधी झुकलेला अक्ष आडवा करा, मग बाजू उघडा. दोन्ही बाजूंची डिक्लिनेशन जवळ आली, तर फिरणं नव्हतंच.

ग्रॅहम यांची फोल्ड टेस्ट १९४९ पासून आहे आणि आजही तिला पर्याय नाही. वली टप्प्याटप्प्यानं उघडत जा आणि दिशा कुठे सगळ्यात घट्ट जमतात ते पाहा. शंभर टक्के उघडल्यावर जमल्या तर चुंबकन वलीच्या आधीचं. मुळीच न उघडता जमल्या तर वलीनंतरचं. पन्नासच्या आसपास जमल्या तर चुंबकन वली पडताना बसलं असेल, किंवा तुमच्या दिशा दोन घटकांची भेसळ असतील. दुसरी शक्यता आधी तपासा, म्हणजे पुन्हा धुलाईकडे जा.

डाइकवर (भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भिंतींवर) काम करणाऱ्यांसाठी एक सूचना: डाइकला थर नसतात, म्हणून तो किती कलला हे खडक सांगत नाही. उभा डाइक कललाय की फिरलाय, हे केवळ त्याच्या चुंबकनावरून सुटत नाही. आजूबाजूच्या थरांचा उतार हवाच.

खडकाचं वय आणि चुंबकनाचं वय

स्पितीचे चुनखडक घेऊन येणाऱ्यांसाठी हे खास. तिथले बरेच खडक ट्रायासिक, पण हिमालय घडताना ते तापले आणि त्यांच्यात पायरोटाइट हे चुंबकीय लोह-सल्फाइड तयार झालं. या पायरोटाइटचं चुंबकन ३२० अंशांच्या आसपास निघून जातं. ते ट्रायासिक नाही, ते हिमालयाच्या घडणीतलं आहे. त्याची तुलना ट्रायासिक ध्रुवाशी केली तर अचाट आकडे येतात, आणि एक साइट मॅग्नेटाइटची, दुसरी पायरोटाइटची असेल तर पुन्हा शेजाऱ्यांमध्ये भांडण. फोल्ड टेस्टमध्ये वली उघडताना दिशा विस्कटत असतील आणि धुलाईचा आलेख ३२० ला कोसळत असेल, तर वलीची उतार-दुरुस्ती करू नका आणि तुलनेचा ध्रुव चुंबकनाच्या वयाचा घ्या. वली आणि चुंबकन यांची वेळ एकमेकांत मिसळली असेल तर लघुवृत्तांची (थर आपल्या स्ट्राइकभोवती फिरताना दिशा गोलावर जी वर्तुळं काढते त्यांची) पद्धत वापरतात, पण त्यासाठी वेगवेगळ्या दिशांना कललेल्या पुष्कळ साइट लागतात.

चार प्रवाहांवर डोंगर फिरवू नका

लाव्ह्याचा एक प्रवाह म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राची एका क्षणाची नोंद. क्षेत्र शेकडो-हजारो वर्षांत त्याच्या सरासरी दिशेभोवती दहा-वीस अंश सहज भटकतं. एका प्रवाहातून वीस कोअर काढले तरी ती एकच नोंद. एकावर एक पडलेले तीन प्रवाह काही वर्षांच्या आतच वाहिलेले असू शकतात, दख्खनमध्ये असे एकसारख्या दिशेचे गठ्ठे सापडतात, तेही मिळून एकच नोंद. अलीकडच्या टेकडीवर एक गठ्ठा आणि पलीकडच्या टेकडीवर दुसरा गठ्ठा मोजला तर दोघांतला फरक निव्वळ क्षेत्राच्या भटकण्याचा असू शकतो. खूण अशी की साइटच्या दिशा एकमेकींना संशय यावा इतक्या घट्ट जुळतात. लाव्ह्यात के (दिशा किती घट्ट जमल्यात याचं माप) फारच मोठा आला तर आनंद मानू नका, वेळेची सरासरी झालेली नाही.

त्रुटी कशी धरायची तेही पाहा. फिशर यांच्या १९५३ च्या पद्धतीनं सरासरीभोवतीचा ९५ टक्क्यांचा शंकू काढतो. समजा तो ८ अंश आला. डिक्लिनेशनची त्रुटी मात्र ८ नसते. शंकूच्या कोनाच्या साइनला इन्क्लिनेशनच्या कोसाइननं भागायचं आणि त्याचा उलट साइन काढायचा, ४४ अंश इन्क्लिनेशनला ती ११ अंशांहून थोडी जास्त येते. संदर्भदिशेच्या डिक्लिनेशनची त्रुटी ४ धरली, दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं आणि डेमारेस्ट यांनी १९८३ मध्ये सुचवलेल्या ०.८ नं गुणलं, की साडेनऊ अंश उरतात. म्हणजे बारा अंशांचं फिरणं निघालं तर ते १२ अधिक-उणे ९.५. शेजारच्या साइटचंही तसंच असेल तर त्या दोघींतल्या फरकाबद्दल काही बोलायची सोय उरत नाही. इन्क्लिनेशन जितकं तीव्र, तितकं डिक्लिनेशन सैल, हे लक्षात असू द्या.

अवसादी (गाळाच्या) खडकांत इन्क्लिनेशन दबून सपाट होतं, त्याचा अक्षांशावर मोठा परिणाम होतो, फिरण्यावर फारसा नाही. फिरणं शोधताय तर त्यात अडकून पडू नका.

सगळं करूनही फरक उरला तर

वरचं सगळं पार करूनही डिक्लिनेशनमधला फरक टिकला, इन्क्लिनेशन मात्र दोन्हीकडे अपेक्षेबरहुकूम, रिव्हर्सल टेस्ट पास, फोल्ड टेस्ट पास, तर आता डोंगराकडे बघा. साइटच्या जागी वलींचा स्थानिक स्ट्राइक मोजा. सगळ्या साइटचा एक आलेख काढा: आडव्या अक्षावर स्ट्राइकचं प्रादेशिक स्ट्राइकपासूनचं विचलन, उभ्या अक्षावर डिक्लिनेशनचं अपेक्षेपासूनचं विचलन. उतार एकच्या जवळ आला तर रांग आधी सरळ होती आणि नंतर वाकली. स्पेनमधल्या कँटाब्रियन वळणात तो एकच्या जवळ येतो. शून्याच्या जवळ आला तर रांग जन्मतःच वक्र होती. मधे कुठे आला तर थोडं मुळातलं, थोडं नंतरचं. यासाठी दोन साइट पुरत नाहीत, वळणाच्या दोन्ही भुजांवर पसरलेल्या साइट लागतात. म्हणून नाल्याच्या अलीकडे-पलीकडे आणखी कोअर काढण्यापेक्षा रांगेच्या लांबीवर पुढे सरका.

मला फाइल पाठवणार असाल तर सरासऱ्या नकोत. प्रत्येक नमुन्याचे धुलाईचे सगळे टप्पे, सूर्य आणि होकायंत्र दोन्हीची वाचनं वेळेसकट, थरांचा उतार कोणत्या पद्धतीनं लिहिलाय ते, आणि ज्या ध्रुवाशी तुलना केली त्याचे अक्षांश-रेखांश व वय एवढं पाठवा. साइटचा फोटो असेल तर त्यात वलीचा अक्ष दिसतो का बघा. टाकून दिलेले नमुनेही यादीत ठेवा, का टाकले ते शेजारी लिहून. पूट कुठल्या नमुन्यांत उरलं हे पुष्कळदा त्या टाकलेल्यांमध्येच पहिल्यांदा दिसतं.